वासिपी म्हणजे घरात

आज पेरूतल्या कुस्कोच्या वरच्या डोंगरातल्या केचुआ वस्तीत मिस्सा अर्पण करायला गेलो होतो. उंची 4000 मीटरच्या आसपास. वसईच्या खाऱ्या हवेत वाढलेल्या माझ्या छातीचा पार भाता झाला. एका आजीने आधी कोकाच्या पानांचा चहा हातात दिला, मग विचारपूस. दोमिंगो दे सान्तो तोमास या डोमिनिकन धर्मगुरूंनी 1560 सालीच इथल्या केचुआ भाषेचं व्याकरण छापलं, आणि मी अजून विभक्तीत अडकलोय! 'वासी' म्हणजे घर, 'वासिपी' म्हणजे घरात. प्रत्यय मागे, आपल्यासारखाच.

मिस्सा संपल्यावर तापलेल्या ढेकळांत भाजलेले बटाटे आले. आजीने चिचाचे, म्हणजे मक्याच्या दारूचे, चार थेंब आधी जमिनीवर सांडले, पाचामामासाठी, म्हणजे धरणीमातेसाठी. मग हसून पेला माझ्यापुढे केला. मीही चार थेंब सांडले. बिशपांना सांगू नका.