अंक आधी, पुस्तक नंतर

मुकुंदराव पाटलांची ओळख 'कुलकर्णी लीलामृत', 'ढढ्ढाशास्त्री पराने' अशा पुस्तकांच्या नावांनी करून दिली जाते. मला ती उलट्या बाजूने करावीशी वाटते. या लेखकाला समजून घ्यायचं तर त्यांच्या 'दीनमित्र' साप्ताहिकाचा अंक हातात घ्यावा, पुस्तकं त्यानंतर.

मुकुंदराव हे कृष्णराव भालेकरांचे पुत्र. भालेकरांनी १८७७ साली पुण्यात 'दीनबंधू' हे पत्र काढलं. मुलाने नगर जिल्ह्यातल्या नेवासे तालुक्यात, तरवडीसारख्या खेड्यात बसून साप्ताहिक चालवलं. 'दीनमित्र' नोव्हेंबर १९१० मध्ये सुरू झालं आणि मुकुंदराव १९६७ साली गेले तोवर त्यांच्याच संपादनाखाली निघत राहिलं. त्याच वर्षी, १९१० च्या फेब्रुवारीत, सरकारने मुद्रणाचा नवा कायदा आणला होता. नव्या छापखान्याकडून ५०० ते २००० रुपये तारण मागण्याचा अधिकार त्यात मॅजिस्ट्रेटला होता, आणि मजकूर आक्षेपार्ह ठरला तर ते तारण जप्त होई. शेतकऱ्यांच्या वर्गणीवर चालणाऱ्या पत्राला ५०० रुपयेसुद्धा बुडवायला पुरेसे होते. या धास्तीत सावकार, भट, कुलकर्णी यांच्यावर सरळ नाव घेऊन लिहिणारा संपादक किती जोखीम घेत होता, हे त्यावरून कळावं.

त्या काळच्या लहान छापखान्याचं गणित माहीत असलं की अंक वेगळा दिसू लागतो. हातयंत्रावर दोन माणसं तासाला फार तर दोनअडीचशे छाप काढत. हजार प्रतींच्या चारपानी अंकाला कागदाच्या दोन बाजू, म्हणजे दोन हजार छाप लागत; त्यात आठ-दहा तास जात. आतली दोन आणि तीन ही पानं आधी छापून ठेवायची, पहिलं आणि चौथं शेवटी. म्हणून ताजी बातमी बाहेरच्या पानांवर पडे, आणि कविता, निबंध, क्रमशः कथा आत.

खरी अडचण खिळ्यांची, म्हणजे अक्षरांच्या धातूच्या ठशांची. देवनागरीला जोडाक्षरांसकट शेकडो खिळे लागतात. वेलांटी आणि रफाराचे पुढे आलेले नाजूक भाग दाबाखाली तुटतात. मात्रांचे खिळे संपले की ते जुळवणारा जुळारी थांबतो. छापून झालेला फर्मा, म्हणजे जुळवून बांधलेलं पान, मोडून खिळे परत आपापल्या खणांत पडेपर्यंत पुढचं पान जुळत नाही. जुन्या साप्ताहिकात लेख मध्येच तुटून 'अपूर्ण' होतो, त्याचं कारण बरेचदा हेच. पद्याला मात्र तेवढ्याच जागेत खिळे कमी लागतात, कारण ओळीच्या दोन्ही बाजूंना कोरी जागा सुटते. 'कुलकर्णी लीलामृत' ओवीत आहे ते पोथीचा घाट उलटवण्यासाठी, हे उघडच आहे. पण ओवी कानावर बसलेली, एकाने वाचायची आणि चावडीवर दहांनी ऐकायची. वर्गणीदार एक आणि श्रोते अनेक, अशा गावात हा घाट अचूक होता.

नागपूरला 'तरुण भारत' दैनिकाचे संपादक, कादंबरीकार ग. त्र्यं. माडखोलकर यांचं काम निराळं. १९४४ पासून रोज एक अग्रलेख, एका विषयावर, त्याच दिवशी पुरा. त्यांची संस्कृतप्रचुर लांब वाक्यं कादंबरीत कधी जड होतात. अग्रलेखात तीच त्यांना तोलून धरतात. १९४६ च्या बेळगाव साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथेच झाला, तेव्हा संपादक आणि साहित्यिक वेगळे काढताच येत नाहीत. औरंगाबादला 'मराठवाडा' पत्राचे संपादक अनंत भालेराव यांचंही तसंच. 'कावड' या पुस्तकातला त्यांचा मोकळा, बोलका स्वर वर्तमानपत्रातच घडला.

जुनी फाईल वाचताना आधी शेवटच्या पानावरची मुद्रक-प्रकाशकाची ओळ पाहावी. १८६७ च्या कायद्याने मुद्रक, प्रकाशक आणि ठिकाण छापणं बंधनकारक होतं. संपादकाचं नाव मात्र १९२२ च्या दुरुस्तीनंतर. त्याआधीच्या अंकात बिनसहीचा मजकूर संपादकाचाच धरू नये. भाषेची ढब, सदराचं नाव आणि पुढच्या-मागच्या दोनचार अंकांतले संदर्भ जुळवून पाहावेत. निवडक अग्रलेखांच्या संग्रहावर थांबू नये. त्यात आजूबाजूच्या जाहिराती, बाजारभाव आणि वाचकांची पत्रं गळलेली असतात, आणि लेख कुणाला उद्देशून होता ते नेमकं तिथेच सापडतं.