ड्रायव्हरची सीट: मळ निघाला, भेगा भरल्या, रंग चढतोय

ड्रायव्हरच्या सीटची सफाई संपली आणि गडद तपकिरी वाटणारी सीट फिकट टॅन निघाली. पाठ टेकते तिथली तेलकट चकाकीही गेली. ती चकाकी लेदरची नव्हतीच. घाम, त्वचेचं तेल आणि धूळ यांचा तो थर होता. गाडीचं स्वच्छ लेदर जवळजवळ मॅट दिसतं. सीट अजून चमकत असेल तर सफाई अर्धवट आहे असंच समजा.

काम सुरू करण्याआधी पाण्याचा थेंब टाकून पाहिला होता. बैठकीच्या मधोमध तो तसाच उभा राहिला. दाराकडच्या उंचवट्यावर, जिथे चढता-उतरताना मांडी घासते, तिथे आत मुरला आणि काळपट डाग उमटला. सगळं काम या थेंबावरूनच ठरलं. गाड्यांमधलं बहुतेक लेदर रंगाच्या थराखाली असतं: खाली कातडं, त्यावर रंग, त्यावर पारदर्शक टॉपकोट. हात लागतो तो या टॉपकोटला. थेंब उभा राहतो तिथे थर शाबूत आहे, नुसती सफाई पुरते. मुरतो तिथे कातडं उघडं पडलंय, तिथे रंगकामाला पर्याय नाही.

म्हणूनच ‘भेगांवर कोणतं क्रीम लावू?’ या प्रश्नाला माझं उत्तर ठाम आहे: कोणतंच नाही. क्रीमने उघडं कातडं मऊ राहतं, भेगेची कड काही काळ गडद दिसते आणि भेग बुजल्यासारखी वाटते. पण फाटलेला रंगाचा थर क्रीमने जुळत नाही. खोबरेल तेल तर लावूच नका. ते कातड्यात उतरतं, सीट काळवंडते, पुढे खवट वास येतो आणि नंतर रंग धरत नाही. सिलिकॉनवाल्या चकचकीत पॉलिशचंही तेच; ते राहिलं असेल तर रंग त्यावर धरत नाही, माशाच्या डोळ्यांसारखे गोल खळगे पडून फाटतो.

सफाईची पद्धत साधी, पण वेळखाऊ. आधी व्हॅक्यूम, शिवणींच्या खाचांसकट, नाहीतर ब्रश फिरवताना तीच रेती रंगावर घासते. मग लेदर क्लीनरचा फेस ब्रशवर घ्यायचा, थेट सीटवर ओतायचा नाही. मऊ केसांचा ब्रश, तळहाताएवढा भाग, आणि मळ सुटला की तो वाळायच्या आत ओलसर मायक्रोफायबरने टिपून घ्यायचा. लेदरला बारीक छिद्रं पाडलेली असतात त्या भागात ओल अगदी कमी, कारण खाली स्पंज असतो आणि काही गाड्यांत हीटरच्या तारा. कमावलेलं कातडं मुळात किंचित आम्लधर्मी असतं. त्यामुळे इंजिन धुवायचे किंवा ओट्याचा चिकटपणा काढायचे तीव्र अल्कली क्लीनर इथे चालत नाहीत. पांढऱ्या मेलामाइन स्पंजचा मोहही टाळा. तो डाग झटकन काढतो खरा, पण बारीक पॉलिश पेपरसारखा घासून. डागाबरोबर टॉपकोटही जातो.

उंचवट्याच्या भेगांवर काम अजून चालू आहे. तेवढा भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला. उभ्या राहिलेल्या कडा ६०० नंबरच्या पेपरने हलक्या हाताने बसवल्या आणि सुट्टे झालेले तंतू बांधून धरायला बाइंडर मुरवला. त्यानंतर लवचिक फिलर प्लास्टिकच्या पट्टीने ओढला, पातळ थर देत, प्रत्येक थर पूर्ण वाळवून. जाड थर वरून वाळतो, आत ओला राहतो आणि पहिल्याच बसण्यात दबतो. फिलर फक्त भेगांत भरलाय. बसून पडलेल्या सुरकुत्या मुद्दाम तशाच ठेवल्या: त्या घडीच्या जागा आहेत, भरल्या तर तिथेच फुटतील. शिवाय वापरलेल्या सीटचं ते रूप मला आवडतं.

रंग जुळवायला हेडरेस्टच्या खालचा झाकलेला भाग नमुना म्हणून घेतला. तिथे ऊन पोचत नाही, हातही लागत नाही. पाण्यावर आधारित रंग ओला असताना दुधट, फिकट दिसतो आणि वाळल्यावर गडद होतो. म्हणून ठिपका लावायचा, हेअर ड्रायरने वाळवायचा आणि मगच दिवसाच्या उजेडात ताडून पाहायचा. पहिला हात स्पंजने टिपून दिलाय. तो डागाळलेला, ठिगळासारखा दिसतो. तिथे घाबरून जाड रंग थापायचा नाही. पातळ थर एकावर एक चढले की पोत टिकतो आणि रंग एकसारखा होतो. कडेला थांबायचं ते शिवणीवरच, पॅनेलच्या मध्ये कधीच नाही. शेवटचे हात एअरब्रशने देणार आहे, मग मॅट टॉपकोट. तो हाताला लवकर सुका लागतो, पण पूर्ण घट्ट व्हायला काही दिवस जातात. तोवर सीटवर कुणी बसायचं नाही आणि ओलं कापडही फिरवायचं नाही.

लेदर मऊ ठेवायचा कंडिशनर त्यानंतर, पाण्यावर आधारित आणि अगदी थोडा. शाबूत थरातून तो फारसा आत जात नाही. माझ्या मते अधूनमधून नीट पुसण्याचा आणि गाडी सावलीत लावण्याचा फायदा त्याहून जास्त.

शेजारच्या सीटचा थेंब सगळीकडे उभा राहिला, त्यामुळे तिला सफाईच पुरेल. तिच्या बैठकीवर जीन्सचा निळसर रंग उतरलाय, तो अजून पूर्ण निघालेला नाही. दोन्ही सीटच्या पाठी मागून व्हायनिलच्या, म्हणजे प्लास्टिकच्या नकली लेदरच्या आहेत; तिथे कंडिशनर वाया जातो, नुसतं पुसायचं. ड्रायव्हरच्या पाठीची खालची शिवणही उसवली आहे. त्यासाठी सीट बाहेर काढावी लागेल. बाजूच्या एअरबॅगची पिवळी जोडणी सीटखालूनच जाते, तेव्हा आधी बॅटरी सोडवून गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबायचं आणि मगच त्या जोडणीला हात लावायचा. ते काम टॉपकोट घट्ट झाल्यावर.