हवेतले सप्तक
आज दिवसभर अंतर मोजणाऱ्या सेन्सरवर वाजणारे एक छोटे वाद्य जुळवत होतो. हात जवळ नेला की स्वर चढावा, एवढीच अपेक्षा होती. परंतु ६० सेंटिमीटरच्या टप्प्यात २२० ते ८८० हर्ट्झ (सेकंदाला होणारी कंपने) सरळ प्रमाणात वाटल्यावर खालच्या सप्तकाला (२२० ते ४४०) २० आणि वरच्या सप्तकाला (४४० ते ८८०) ४० सेंटिमीटर मिळाले, आणि हाताला स्वरांच्या जागा सापडेनात. कान कंपनसंख्येतील फरक नव्हे, तर त्यांचे गुणोत्तर ऐकतो. म्हणून घातांकी सूत्र, म्हणजे सारख्या अंतराला कंपनसंख्या सारख्याच पटीने वाढवणारे सूत्र, वापरले, तेव्हा दोन्ही सप्तकांना ३० सेंटिमीटर मिळाले आणि मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणे, प्रथमच सलग ऐकू आली. तो क्षण फार सुखाचा होता.

मग स्वराची थरथर सतावू लागली. सोळा मोजण्यांची सरासरी घेतल्यावर ती थांबली खरी, पण स्वर हातामागून रेंगाळत येऊ लागला, आणि वाद्यात हा दोष मला थरथरीहून कितीतरी मोठा वाटतो. अखेर पाचच मोजण्यांचा मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी मोजणी, घेतला. किंचित कंप उरला आहे, तो मी राहू दिला. १९२० च्या सुमारास जन्मलेले थेरेमिन हे इलेक्ट्रॉनिक वाद्यही असेच स्पर्शाविना वाजते. त्याच्या वादकांना स्वर कानानेच शोधावा लागतो. संध्याकाळी डोळे मिटून मीही षड्जावरून पंचम शोधत राहिलो, आणि बऱ्याच प्रयत्नांनंतर तो लागला.