सदिच्छा भेट

साताऱ्यातील एका जिल्हास्तरीय कार्यालयात मी लेखा शाखेत काम करते. खरेदीच्या नस्त्या, म्हणजे फायली, माझ्या टेबलावरून पुढे जातात. काही वर्षांपूर्वीच्या मार्च महिन्यातील एक दिवस अजूनही माझ्या मनातून जात नाही, कारण त्या दिवशी एकही नियम मोडला गेला नव्हता.

जिल्हा वार्षिक योजनेच्या निधीतून प्राथमिक आरोग्य केंद्रांसाठी रक्ततपासणीची यंत्रे घ्यायची होती. 31 मार्चपूर्वी खर्च झाला नाही तर निधी परत जातो, म्हणून सगळ्यांचीच घाई चालली होती. निविदेच्या मसुद्यातील तांत्रिक तपशील मी सवयीप्रमाणे वाचू लागले आणि पहिल्याच पानावर अडखळले. ‘यंत्राचे वजन 7.4 किलो असावे,’ असे लिहिले होते. किमान नाही, कमाल नाही, नेमके 7.4. मला शंका आली, म्हणून आठवड्यापूर्वी टेबलावर राहिलेले एका कंपनीचे माहितीपत्रक ड्रॉवरमधून काढून शेजारी ठेवले. ओळीला ओळ जुळत होती. माहितीपत्रकात एका इंग्रजी शब्दातले अक्षर छपाईत सुटले होते, आणि आमच्या मसुद्यातही नेमके तेच अक्षर सुटलेले होते.

ते माहितीपत्रक कोणी आणले, हे मला ठाऊक होते. अखिल भारतीय सेवेतून निवृत्त झालेले आणि आता त्या कंपनीचे सल्लागार असलेले एक गृहस्थ येऊन गेले होते. साहेब त्यांना सामोरे दारापर्यंत गेले, शिपायाला मोती चौकात पिटाळून कंदी पेढे मागवले आणि पाहुणे बसेपर्यंत स्वतः उभे राहिले. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 भेटवस्तू स्वीकारण्यावर निर्बंध घालतात. इथे तर साहेबांनी काही घेतलेच नव्हते. निवृत्तीनंतर एक वर्षाच्या आत खासगी कंपनीत काम करायचे असेल तर अशा अधिकाऱ्याला शासनाची परवानगी लागते. या गृहस्थांना निवृत्त होऊन तीन वर्षे झाली होती.

मी टिपणी लिहिली: तपशील एकाच उत्पादकाच्या माहितीपत्रकाशी शब्दशः जुळत असून स्पर्धा होण्याची शक्यता दिसत नाही, तरी तो खरेदी समितीपुढे फेरविचारासाठी ठेवावा. संध्याकाळी नस्ती ‘चर्चा करावी’ या शेऱ्यासह परत आली.

साहेब रागावले नव्हते, दुखावले होते. “मॅडम, टिपणी कशी लिहायची हे मला त्यांनी शिकवलं. त्यांनी पाच पैशांची गोष्ट काढली नाही. चांगलं यंत्र आहे एवढंच म्हणाले.” मी म्हटले, “सर, यंत्र चांगलं असेलही. पण दुसऱ्या कोणाला आपल्या दारात असं बसून बोलता आलं नाही.” ते बराच वेळ खिडकीबाहेर अजिंक्यताऱ्याकडे पाहत राहिले. त्यांचा प्रामाणिकपणा मी आजही शपथेवर सांगेन, आणि म्हणूनच मला हा प्रश्न गंभीर वाटतो. लाच घेणारा निदान आपण काय करतो हे जाणून असतो. जुन्या वरिष्ठाचा शब्द मोडवत नाही म्हणून झुकणाऱ्याला आपण झुकलो हेही कळत नाही.

कंपन्यांनी आपले म्हणणे अधिकाऱ्यांपुढे मांडू नये, असे माझे म्हणणे नाही. बाजारात काय मिळते, हे आम्हाला त्यांच्याकडूनच कळते. मात्र कोण, कोणाच्या वतीने, कशासाठी आले याची नोंद हवी. आयर्लंडमध्ये 2015 च्या कायद्याने अशा भेटींचे विवरण वर्षातून तीनदा जाहीर करावे लागते. कॅनडात वरिष्ठ सरकारी पदावरून उतरल्यावर पाच वर्षे लॉबिंग, म्हणजे कोणाच्या वतीने शासनाकडे रदबदली, करता येत नाही. आपल्याकडे असा कायदा नाही. लोकसभेत 2013 मध्ये आलेले खासगी विधेयक मंजूर झाले नाही. वॉलमार्टने आपल्या लॉबिंगच्या विषयांत भारतीय बाजारपेठेतील प्रवेशही धरला होता, हे 2012 मध्ये आपल्याला समजले ते अमेरिकेच्या कायद्याखाली तिथे दाखल झालेल्या विवरणांतून. आपल्या दारातली गोष्ट परक्यांच्या कागदातून कळावी, याचे मला फार वाईट वाटते.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी स्वतः निविदापूर्व बैठक लावली. सर्व पुरवठादारांसमोर तपशील वाचला गेला, नेमक्या आकड्यांच्या जागी किमान-कमाल मर्यादा आल्या आणि शेवटी तीन कंपन्यांच्या निविदा आल्या. फाटकावरच्या अभ्यागत नोंदवहीत मी त्या गृहस्थांची नोंद शोधली. ‘कामाचे स्वरूप’ या रकान्यात ‘सदिच्छा भेट’ असे लिहिले होते.

त्यानंतर साहेबांच्या संमतीने मी शाखेत एक वेगळी वही सुरू केली. तारीख, नाव, कोणाच्या वतीने, विषय, असे चार रकाने आखले. पहिल्या पानावर साहेबांची सही आहे. येणारे लोक नाव आणि विषय न कुरकुरता लिहितात. तिसरा रकाना मात्र बहुतेक जण कोराच ठेवतात, आणि मी वही पुन्हा त्यांच्यापुढे सरकवते.