वसाहतीत नेऊ नये असं पुस्तक

जर्मनीत लाइपझिगमध्ये आमचे दोन दिवस होते. त्यातला पहिला मी जळून गेलेल्या गोष्टी बघण्यात घालवला, आणि बायकोने दिवसभर तेवढंच ऐकवलं. तिचंही बरोबरच होतं. जुन्या छापखान्यांची आणि प्रकाशकांची पेठ म्हणून जो भाग दाखवतात, तिथे मी टाउखनिट्झ या जुन्या प्रकाशनसंस्थेच्या खुणा शोधत चार तास फिरलो. नव्या इमारती, सायकली आणि शांतता, बाकी काही नाही. ४ डिसेंबर १९४३च्या पहाटे ब्रिटिश विमानांनी ही पेठ जाळली. शंभर वर्षं इंग्रजी लेखक छापणारं जर्मन दुकान इंग्रजांच्याच बॉम्बने गेलं.

टाउखनिट्झ हे माझं गेल्या सहा वर्षांचं खूळ. १८४१ साली बर्नहार्ड टाउखनिट्झने इथून इंग्रजी लेखकांची एक मालिका सुरू केली. लहानसा आकार, कागदी वेष्टन. युरोपात फिरणाऱ्या प्रवाशांनी घ्यावं आणि गाडीत वाचावं असं पुस्तक. मालिका थांबली तेव्हा पाच हजारांच्या वर खंड झाले होते. तेव्हा परदेशी लेखकाला पैसे द्यायची कायद्याने सक्ती नव्हती, सर्रास चोरून छापायचे. या माणसाने कोणी न मागता लेखकांची परवानगी घेतली, मोबदला दिला. डिकन्सने आपल्या थोरल्या मुलाला जर्मन शिकायला याच गावी पाठवलं होतं, एवढा घरोबा. पाच हजारांतले माझ्याकडे त्रेसष्ट आहेत. म्हणजे मी संग्राहक नाही, उमेदवार.

दुसरा दिवस शनिवार. दुपारी तीनला सेंट थॉमस चर्चमध्ये, म्हणजे संगीतकार बाखच्या चर्चमध्ये, मुलांचं गाणं असतं. त्यासाठी बायको जागा धरून बसणार होती. मला मिळालेली सुट्टी तेवढ्यापुरती. जुन्या पुस्तकांचं दुकान दोनला बंद होणार होतं. मी पोचलो पावणेएकला, पाऊस अंगावर घेऊन.

दुकानात साठीच्या एक बाई होत्या. स्वेटर, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. मी टाउखनिट्झ म्हटल्यावर त्यांनी नुसतं बोट केलं. खिडकीखाली केळ्यांच्या दोन खोक्यांत पुस्तकं उभी रचलेली, वर पुठ्ठ्यावर पेनने किंमत. पण मी आधी माझंच पुस्तक पिशवीतून काढलं. कबूल करतो, दाखवायला म्हणूनच नेलं होतं. डिकन्सचं ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’, शीर्षकपानावर १८६१. दोन वर्षांपूर्वी इंटरनेटवरून पहिली आवृत्ती म्हणून घेतलेलं. किती दिले ते इथे लिहीत नाही, कारण बायको हे वाचते.

बाईंनी चष्मा चढवला. शीर्षकपानाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. त्याच्या आधीचं पान, ज्यावर फक्त मालिकेचं नाव असतं, ते उलटलं आणि मागची बारीक यादी माझ्यापुढे धरली. याच लेखकाची इतर पुस्तकं. नखाने खाली खाली जात एका ओळीवर थांबल्या.

“हे वाचा.”

‘द मिस्टरी ऑफ एडविन ड्रूड’. डिकन्स १८७० साली गेला तेव्हा अर्धवट राहिलेली कादंबरी. ती १८६१च्या पुस्तकात कशी येईल?

“शीर्षकपानावर ते पहिलंच साल ठेवायचे, पुन्हा कितीही वेळा छापलं तरी,” बाई म्हणाल्या. “तुम्हाला कोणी फसवलं नाही. तुम्ही मागचं पान वाचलं नाहीत.”

हा दुसरा भाग त्यांनी नसता सांगितला तरी चाललं असतं. युरोपात दुकानदार गिऱ्हाइकाला खूश ठेवायच्या भानगडीत पडत नाहीत हे मला एरवी आवडतं. त्या दिवशी नाही आवडलं.

मग, बहुधा माझं तोंड बघून, त्यांनी काचेच्या कपाटातून एक खंड काढला. अमेरिकन लेखक हॉथॉर्नची रोममध्ये घडणारी कादंबरी. अमेरिकेत ‘द मार्बल फॉन’, टाउखनिट्झकडे ‘ट्रान्स्फॉर्मेशन’. प्रवासी हे रोममध्ये घ्यायचे, गोष्टीत येणाऱ्या पुतळ्यांचे आणि चर्चचे फोटो विकत आणून मध्ये मध्ये चिकटवून घ्यायचे आणि तिथल्याच बाइंडरकडून पांढऱ्या चामड्यात बांधून घ्यायचे. प्रत्येकाचं पुस्तक वेगळं. यातले फोटो तपकिरी पडले होते, एक जरा तिरका लागला होता. ज्याने लावला त्याचा हात मला अगदी दिसला. किंमत विचारली, आणि पुस्तक दोन्ही हातांनी परत दिलं.

शेवटी खोक्यातून उचलला एका कादंबरीचा दुसरा खंड. पहिला नव्हताच. लेखिकेचं नाव मी कधी ऐकलेलं नाही. पण मूळचं कागदी वेष्टन शाबूत होतं. बहुतेकांनी पुस्तकं बांधून घेतली आणि वेष्टन फेकून दिलं, त्यामुळे हे मिळणं कठीण. त्यावरच छापलेलं, की हे खंड कृपा करून इंग्लंडमध्ये किंवा कोणत्याही ब्रिटिश वसाहतीत नेऊ नयेत. करार फक्त युरोप खंडापुरता होता ना. म्हणजे माझ्या पणजोबांना हे पुस्तक मुंबईत आणता आलं नसतं. (त्यांना इंग्रजी येत नव्हतं, तो भाग वेगळा.) चार युरो. बाईंनी वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं आणि दोनला पाच कमी असताना दिवे घालवायला सुरुवात केली.

गाणं सुंदर झालं म्हणे. मी भिजलेला होतो आणि डोक्यात एडविन ड्रूड होता.

बर्लिनची गाडी चाळीस मिनिटं उशिरा आली, वर बसायला जागा नाही. दोन डब्यांच्या मधे बॅगेवर बसून वर्तमानपत्र सोडलं तेव्हा कळलं, पुस्तकाची पानं कापलेलीच नाहीत. मोठा कागद छापून घडी घालायचे, घड्या वाचणाऱ्याने कापायच्या. शंभराहून जास्त वर्षांत या पुस्तकाला ते कोणी केलेलं नव्हतं. काही पानं सरळ वाचता येतात, काही खालून नळीसारखी फुगवून आत डोळा घातला तर, बाकीची बंद.

“घे, काप,” म्हणून बायकोने पर्समधून नखं घासायची पट्टी काढून दिली.

मी पुस्तक तिच्यापासून लांब धरलं. नळीच्या आत मिस्टर कोणीतरी दार वाजवत होते, आणि ते कोणी उघडलं ते पुढच्या घडीत होतं.