दुभाष्याला आत प्रवेश नाही

लग्नसराई तोंडावर असताना लॅपटॉप बदलायचा नसतो, हे मला आता कळलंय. बेळगावात खडेबाजाराजवळ माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, गणेश मंडळांची पावती पुस्तकं, मराठी-कन्नड दोन्ही. वीज गेली की जुना लॅपटॉप अर्ध्या तासात मान टाकायचा. त्यात २०२४ च्या जूनमध्ये डेल, एचपी, लेनोवो अशा सगळ्यांनीच क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगन एक्स चिपचे विंडोज लॅपटॉप बाजारात आणले. एरवी या कंपन्यांचा चिपवाला म्हणजे इंटेल, नाहीतर एएमडी. नव्या चिपवर बॅटरी दिवसभर पुरते एवढं ऐकलं आणि एक घेऊन आलो. बाकी काही विचारलंच नाही, चूक माझीच.

पत्रिका मांडायचं कोरल सॉफ्टवेअर उघडलं, फोटो उघडले. म्हटलं, झालं काम. मग मराठी फॉन्टचा पंधरा वर्षं जुना डोंगल लावला, म्हणजे ती किल्लीसारखी डबी, जी जोडल्याशिवाय फॉन्ट चालत नाहीत. दिवाच लागेना. जुन्या लेझर प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला लॅपटॉपशी जोडून देणारं सॉफ्टवेअर, तेही बसेना.

रात्री पुण्याच्या भाच्याला फोन लावला. "मामा, प्रोग्रॅमला दुभाषी मिळतो, ड्रायव्हरला नाही मिळत." इंटेल-एएमडीची भाषा एक्स८६, या चिपची एआरएम. विंडोज ११ मध्ये प्रिझम नावाचा दुभाषी जुने प्रोग्रॅम चालता चालता भाषांतर करून देतो. पण ड्रायव्हर विंडोजच्या अगदी गाभ्यात बसतो, तो एआरएमसाठीच बनवलेला लागतो.

सीमाभागातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. ऑफिसबाहेरच्या बाकावर कन्नडमध्ये अर्ज लिहून देणारा भेटतो. आत टेबलापुढे मात्र आपलं आपणच बोलायचं.

डोंगलचा नाद सोडला आणि सगळा मराठी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे डोंगलशिवाय कुठल्याही कॉम्प्युटरवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत न्यायला घेतला. यात तीन आठवडे गेले. कन्नडचा प्रश्न नव्हता, ती गिऱ्हाइकं मजकूर व्हॉट्सअॅपवरच टाइप करून पाठवतात. आपली मंडळी अजून वहीच्या पानावर लिहून आणतात. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. कन्व्हर्टरला ते काही ठिकाणी जमलं नाही, मग 'चि. सौ. कां.' मधली वेलांटी ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकायची आणि 'च' बाजूला उघडा. रफारही असाच पुढच्या अक्षरावर जाऊन बसायचा. खानापूरच्या एका मावशींनी प्रूफ चष्म्याजवळ धरून विचारलं, "आमच्या पोराच्या चि.ला काय झालंय हो?" त्यानंतर प्रत्येक पत्रिका मी ओळीवर बोट ठेवून वाचली.

प्रिंटरवर इलाज सापडला नाही. जुना लॅपटॉप काउंटरखाली कायमचा प्लगला लावून ठेवलाय. नव्यावर पीडीएफ करायची, पेनड्राइव्हने तिकडे न्यायची. वीज गेली की तो थोड्या वेळात बंद पडतो. पण तेव्हा प्रिंटर तरी कुठं चालू असतो?