चुलवाणापुढची धूसर नजर

‘एमएसवर काम करतो’ म्हटलं की आमच्या शाहूपुरीत हमखास विचारतात, “म्हणजे एम.एस्सी. का?” आता मी दुरुस्त करायचं सोडलंय.

एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस. या आजारात आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं मायलिनचं आवरण कुरतडते. शार्को या फ्रेंच मेंदूतज्ज्ञानं १८६८ मध्ये पॅरिसात हा आजार नीट ओळखला. माझा जीव मात्र त्यात अडकला तो करवीर तालुक्यातल्या गुऱ्हाळावरच्या एका ताईंमुळं. “डॉक्टर, चुलवाणापुढं बसलं की उजव्या डोळ्यानं काहीलच दिसत न्हाई. भाईर वाऱ्याला आलं की परत ब्येस.”

मी मायग्रेन लिहून मोकळा झालो. ती चिठ्ठी अजून ड्रॉवरमध्ये आहे.

रात्री आठवलं: उथॉफ, १८९०! या जर्मन नेत्रतज्ज्ञानं एमएसमधली हीच येणारी-जाणारी धूसर नजर नोंदवली होती. आवरण झिजलेल्या तंतूत उष्णतेनं संदेश अडतो, अंग निवलं की पुन्हा सुटतो. मग तपासण्या केल्या: एमआरआयमध्ये पांढरे डाग, पाठीतल्या पाण्यात ऑलिगोक्लोनल बँड, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या प्रथिनांचे पट्टे. ताईंनी आयतं निदान हातात दिलं होतं.

२०२२ मध्ये अमेरिकी लष्करातल्या १ कोटीहून अधिक जणांच्या अभ्यासात दिसलं, की एप्स्टाइन-बार विषाणूच्या संसर्गानंतर एमएसचा धोका ३२ पटींनी वाढतो. आपल्याकडं तर तो बहुतेकांना लहानपणीच होऊन जातो, तरी एमएस युरोपपेक्षा कमी. का? सध्या माझी झोप या ‘का’नं खाल्लीय.

यंदा ताईंनी गुळाचा रवा धाडला. आता त्या चुलवाणाकडं फिरकत नाहीत. हिशेबाची वही सांभाळतात.